मान्ताच्या दवाखान्याचं दार

ती. एउलालिया मावशीस,

मान्ता बंदरातून यादिराचा वाकून नमस्कार. तिकडच्या डोंगरातल्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठीक आहे, म्हणजे उभी आहे. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आमच्या दवाखान्यात सध्या विषारी वायूच्या अपघाताची तयारी चालली आहे. (इथल्या कारखान्यात मासळी गोठवायला अमोनिया वायू वापरतात, त्यामुळे भीती काही हवेतली नाही.) नियम एकच: अंगावर रसायन घेऊन आलेल्याला दाराबाहेरच कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवायचं, मगच आत घ्यायचं, नाहीतर आतले सगळेच आडवे. परवा सराव होता. मला रबरी पोशाखात कोंबलं, तोंडावर मुखवटा चढवला आणि दारात उभं केलं. आत स्वतःचाच श्वास कुणीतरी मागे उभं असल्यासारखा ऐकू येतो गं! पळून जाणार होते, पण तो पोशाख एकटीला काढता येत नाही.

आमचेच लोक खोटे रोगी होऊन कण्हत होते. तेवढ्यात ट्रक थांबला आणि एक माणूस धडपडत उतरला. डोळे लालभडक, खोकून खोकून वाकलेला. आमचे मोठे डॉक्टर बाकेरिसो टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! बघा, याला म्हणतात अभिनय!"

"कसला अभिनय? कारखान्यात नळी फुटलीय! आत घ्या मला!"

डॉक्टर भिंतीला चिकटले. तो माणूस थेट माझ्याकडे धावला, आणि मावशी, माझे पायच हलेनात. मला बाजूला व्हायचं होतं, देवाशपथ! तो ढकलतोय, "बाई, सरका, मरतोय मी!" आणि मी दारात खांबासारखी. शेवटी तोंडून निघालं, "आधी शर्ट काढा!" मग पाणी सोडलं. डोळे, केस, छाती, कितीतरी वेळ. तो रडत होता, मुखवट्याच्या आत मीही. एलेउतेरियो नाव त्याचं, दोन लेकींचा बाप. डोळे वाचले, श्वासही आता नीट चालतो. आतल्या बाळंतिणींना कशाचा पत्ताही लागला नाही. सगळे म्हणतात, यादिरा वाघिणीसारखी दार अडवून उभी राहिली. खरं काय ते फक्त तुला सांगितलं.

तुझी भित्री भाची,
यादिरा

ता. क. या शौर्याबद्दल मला पुढच्या सगळ्या सरावांची प्रमुख नेमलंय. म्हणूनच हे पत्र. तू अत्यवस्थ आहेस असा निरोप दवाखान्यात पाठव, महिनाभर रजा मिळेल.

आणखी एक. पाकीट चिकटवत होते, तोच कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला. आज सराव नाही. मी दवाखान्याच्या दाराकडे निघाले. निरोप पाठव, पण जरा सावकाश.