पाकिटातले मत

माबेला, मस्कत
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

प्रिय शीला,

रोज सायंकाळी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र कशासाठी, असे तुला वाटेल. फोनवर मी तुझ्या गुडघ्याची चौकशी करतो, तू माझ्या साखरेची करतेस, तेवढ्यात विशाखाची जुळी मुले तुझ्या हातातून फोन ओढून घेतात आणि बोलायचे होते ते राहून जाते. शिवाय लिहिताना चुकलेले वाक्य खोडून पुन्हा लिहिता येते. या पत्राचे हे चौथे लेखन आहे. पहिली तीन मी फाडली. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरीही फाडली.

येथे आता हवा सुखाची झाली आहे. पहाटेची अजान झाली की मी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. कधी कधी समुद्राकडून धुके येते आणि माबेलाची पांढरी घरे, पाण्याच्या टाक्या, मागचे तपकिरी डोंगर एकेक करून पुसले जातात. मग थोडा वेळ आपण कोठे आहोत हे मला निश्चित सांगता येत नाही. काल वाटले, या धुक्यापलीकडे शरयू वाहत असावी, नावाडी पलीकडच्या तीरावरून हाक घालत असावा आणि माझ्या रेल्वे शाळेची घंटा आता होईल. तू पाठीमागे उभी राहून म्हणशील, ‘अहो, मफलर.’ मी मान वळवली. मागे आपल्या स्वरूपचा धुतलेला शर्ट वाळत होता.

चंदनघाटाची आठवण निघण्यास कारण आपली नात यशश्री. अकरावीच्या प्रकल्पासाठी तिने उत्तर भारतातील एका लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास निवडला आहे, आणि मतदारसंघ कोणता, तर चंदनघाट. वर्गातल्या मुलांनी मोठमोठी नावे घेतली. हिने आजीच्या गोष्टींतले गाव घेतले. मदिनत सुलतान काबूस या भागातल्या तिच्या शाळेत हे नाव कोणी ऐकलेले नाही, याचा तिला फार अभिमान वाटतो. मूळ लेखन इंग्रजीत आहे. परंतु मी अट घातली की प्रत्येक पान मला मराठीत लिहून दाखवायचे. ती म्हणाली, ‘आजोबा, दॅट इज टॉर्चर!’ तरीही लिहिते. मी पेन्सिल घेऊन तपासतो. सत्तावीस पाने तपासून झाली. अठ्ठाविसाव्या पानावरील एका वाक्यापाशी माझी पेन्सिल गेले नऊ दिवस थांबली आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

त्याआधीची पाने तुला आवडतील. पहिल्या तीन निवडणुकांत राजासाहेबांचा हत्ती घाटावर उभा राही आणि होड्यांतून उतरणारे मतदार आधी हत्तीला नमस्कार करून मग मत देत, ही रामलखन नावाड्याची गोष्ट तू तिला सांगितलीस आणि तिने ती ‘मौखिक साधन’ या शीर्षकाखाली नोंदवली आहे. सत्त्याहत्तरची लाट आहे. त्या वर्षी राजवाड्याच्या दारातल्या पानवाल्यानेही राजाविरुद्ध मत दिले आणि दुसऱ्या दिवशी राजालाच पान लावून दिले. शहाण्णव ते नव्व्याण्णव या साडेतीन वर्षांत तीन निवडणुका झाल्या, तेव्हा बोटावरची शाई वाढत्या नखाबरोबर वर सरकून नाहीशी होते न होते तोच नवी लागे. दोन हजार चारमध्ये यंत्र आले, आणि म्हाताऱ्या सुखिया मावशीने बटणाला हळदकुंकू लावण्याचा हट्ट धरला. त्यानंतर मतदारसंघांची फेररचना झाली. चंदनघाटाचे तीन तुकडे तीन शेजाऱ्यांना दिले गेले. मी निवृत्त झालो, आपण नाशिकला परतलो आणि तो मतदारसंघही यादीतून गेला. आता तो यशश्रीच्या वहीत आहे, तुझ्या गोष्टींत आहे आणि धुके पडले तर माझ्या गच्चीसमोर.

जानेवारी १९८० चे पान मात्र मी स्वतः लिहायला हवे होते. तू तेव्हा बावीस वर्षांची होतीस. लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि तुझी ट्रंक अजून भरलेलीच होती. तीत पंचवटीहून आणलेल्या साड्या तशाच घड्यांत होत्या. दर दोन महिन्यांनी तू म्हणत असस, ‘या वेळी गेले तर मी परत येणार नाही हं.’ मी हसत असे, परंतु शाळेतून येताना आधी खिडकीतून ट्रंक जागेवर आहे का ते पाहत असे. हे तुला मी कधी सांगितले नाही. त्या रेल्वे वसाहतीत तुला नाव नव्हते. कोणी मास्टरनी म्हणे, कोणी मराठिन बहू. आदल्या डिसेंबरात मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका खुदेजा खातून अपक्ष उभ्या राहिल्या. शिडी त्यांची निशाणी. रिक्षातून उतरून त्या आपल्या उंबरठ्यावर टेकल्या, तुझ्या हातचा आल्याचा चहा प्याल्या आणि त्यांनी विचारले, ‘बेटी, तुम्हारा अपना नाम क्या है?’ तू नाव सांगितलेस. त्या म्हणाल्या, ‘शीला. याद रहेगा.’ त्या दिवसापासून तू मतदानाची वाट पाहू लागलीस.

निवडणुकीच्या कामासाठी माझी नेमणूक राखीव यादीत होती. आदल्या दिवशी आपल्याच शाळेतील मतदान केंद्राचे अध्यक्ष तापाने पडले आणि मला तेथे पाठवण्यात आले. स्वतःच्या वस्तीत अध्यक्ष असणे योग्य नव्हे, असा लेखी आक्षेप मी त्याच दिवशी नोंदवला होता. तो कोणी वाचला नाही. धुके इतके दाट होते की मतदारांची रांग दारातच सुरू होते आणि दारातच संपते असे वाटे. तू तीन वाजता आलीस. हिरवी इरकली नेसली होतीस. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी पाहिली आणि ती माझ्याकडे सरकवली. तुझ्या नावावर खूण झालेली होती. सकाळीच कोणी तरी घुंगट ओढून आली आणि तुझे मत देऊन गेली. राजासाहेबांचा प्रतिनिधी बाकावरून ओरडला, ‘मास्टरजी, भाभीजी तो सबेरे ही निपट गईं! घर में दो-दो रखे हैं क्या?’ सारे हसले. तू हसली नाहीस. तू माझ्याकडे पाहिलेस.

नियम असा, की अशा मतदाराला प्रश्न विचारून त्याची ओळख पटवावी. मी तुला सर्वांदेखत परक्यासारखे विचारले, ‘आपका नाम?’ तू सांगितलेस. ‘पति का नाम?’ तू थांबलीस. दोन वर्षांत तू माझे नाव एकदाही उच्चारले नव्हतेस. प्रतिनिधी पुढे वाकले. आणि तू पदर सावरलास, जणू ते मतदान केंद्र नसून पंचवटीतला मांडव आहे, आणि म्हणालीस:

‘धुक्यातून उजळली चंदनघाटाची आळी,
उत्तमरावांचे नाव घेते मतदानाच्या वेळी.’

कोणाला अक्षर कळले नाही. अर्थ सर्वांना कळला. तोच प्रतिनिधी उठून म्हणाला, ‘वाह भाभीजी! यही असली हैं, हमें कोई एतराज नहीं.’ मी तुला मतपत्रिका दिली. तू आडोशाला गेलीस, शिक्का मारून आलीस आणि पेटीकडे वळलीस. मी हात पुढे केला आणि ती पत्रिका पाकिटात ठेवली. तू विचारलेस, ‘पेटीत नाही टाकायची?’ मी म्हणालो, ‘ही पाकिटात ठेवतात.’ तू विचारलेस, ‘पण मोजतील ना हो?’ मी म्हणालो, ‘मोजतील.’

शीला, तिला प्रदत्त मतपत्रिका म्हणतात. ज्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे, त्याला ती देतात, पाकिटात बंद करतात आणि न्यायालयाने मागितल्याखेरीज ते पाकीट कोणी उघडत नाही. ते मोजत नाहीत. हे मला त्या क्षणी अक्षरशः पाठ होते. तरीही मी ‘मोजतील’ म्हणालो, कारण तू घरी कशी गेलीस ते मी दारातून पाहिले: बोट पुढे धरून, शाई पुसू नये म्हणून. संध्याकाळी मी आलो तेव्हा ट्रंक रिकामी होती आणि साड्या कपाटात लागल्या होत्या. खुदेजाबी चारशे बारा मतांनी हरल्या. तू रडलीस आणि म्हणालीस, ‘हरल्या तरी त्यांच्या मतांत एक माझे आहे.’ एका मताने निकाल बदलला नसता. तो हिशेब मी पंचेचाळीस वर्षे स्वतःला ऐकवीत आलो आहे.

यशश्रीच्या अठ्ठाविसाव्या पानावर लिहिले आहे: ‘खुदेजा खातून यांना मिळालेल्या मतांपैकी एक मत माझ्या आजीचे होते.’ गेल्या वर्षी मे महिन्यात तू नाशिकहून शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र पाठवलेस आणि खाली लिहिलेस, ‘लोकसभेचे माझे बारावे मत. तुमच्याविना पहिलेच.’ जगातल्या प्रत्येकाची चूक दाखवणाऱ्या माणसाने तेव्हाही उत्तर दिले, ‘अभिनंदन.’ ते अकरावे होते.

आज जुम्मा, म्हणून स्वरूपने मला सकाळी कुरुमला हुसैनमियाँच्या कापडाच्या दुकानापाशी सोडले. हे राजापूरकडचे; छत्तीस वर्षे येथे आहेत. दुपारच्या नमाजाला दुकान बंद करण्याआधी ते गावी बायकोला, गुलबानूला, फोन लावतात, आणि त्यांचे बोलणे म्हणजे निम्मे भांडणच असते: आंब्याला पाणी घातलेस का, कौले फिरवलीस का, माझ्याशिवाय मासळी गोड लागते काय गो तुला! आज फोन ठेवून ते मला म्हणाले, ‘आमी पोटासाठी गाव सोडला, मास्तर. तुमी कशासाठी सोडलाव?’ दोन वर्षे झाली, तू विशाखाकडे, मी स्वरूपकडे आणि पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप.

आता जे कोणालाही सांगितलेले नाही ते लिहितो. त्या सकाळी दहाच्या सुमारास पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे मोठ्याने पुकारले होते: ‘क्रमांक छह सौ बारह, शीला, पति उत्तम.’ कोणाचा आक्षेप असेल तर त्याने घ्यावा, म्हणूनच नाव पुकारतात. समोर घुंगटातली बाई उभी होती. मी केंद्राध्यक्षाची दैनंदिनी लिहीत होतो; साहाय्यकाने लिहिलेले एक वाक्य सदोष होते, ते सुधारीत होतो. तुझे नाव, आणि पाठोपाठ माझे, माझ्या कानांवरून गेले. मी ऐकले, शीला. मान वर केली नाही. ती दैनंदिनी पुढे जिल्ह्यात आदर्श ठरली आणि तिचे प्रशस्तिपत्र तू चौकटीत घालून भिंतीवर लावलेस. ते अजून पंचवटीत कुलपाआड टांगलेले आहे.

आणि दोन वर्षांपूर्वी नाशिकला, जेवणाच्या टेबलापाशी, स्वरूप म्हणाला, ‘आई ताईकडे राहील, बाबा माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांचीच सोय.’ विशाखा म्हणाली, ‘चालेल ना आई?’ तू स्वयंपाकघराच्या दारात भाताचे पातेले धरून उभी होतीस. मी सोसायटीच्या निमंत्रणपत्रिकेतल्या चुका काढीत होतो. तुझे नाव पुन्हा पुकारले गेले, मी पुन्हा ऐकले आणि पुन्हा मान वर केली नाही. तू काही बोलली नाहीस. सर्वांनी तो होकार मानला. तुझे ते मतही आम्ही पाकिटात घातले. हे पत्र त्यासाठी आहे. चौदा तारखेच्या विमानाने मी येत आहे. स्वरूपला सांगितले आहे, तो रुसला आहे, रुसू दे. यशश्रीचे ते वाक्य मी खोडलेले नाही. ते तुझे आहे, ठेवायचे की खोडायचे ते तू ठरव. माझ्यावर रागवायचे असेल तर पंचवटीत येऊन रागव. किल्ली विशाखाकडे आहे. आणि तुला मुलांतच राहायचे असेल, मस्कतला यायचे असेल, अथवा माझ्याविनाच बरे वाटत असेल, तर तेही स्वच्छ सांग. या वेळी मी समोर बसून, मान वर करून ऐकेन. मोजणी आपण दोघे मिळून करू, आणि पाकीट आधी उघडू.

तुझाच,
उत्तम