न कापलेली पानं

१० ऑक्टोबर १९७८, मंगळवार

कोंबड्या सोडल्या, चुलीतली राख काढली, जाळ केला, सुपासाठी कोबी चिरायला बसले — तेवढ्यात ओरासियो माडीवरून खाली आला आणि म्हणाला, "संपलं एकदाचं." मी म्हटलं, "काय, शाई?" "पुस्तक गं!" "बरं झालं. मग आता बादली घे आणि पाणी आण." त्याने आणलं. अर्धं वाटेत सांडलं.

पाच वर्षं झाली त्या सकाळला. आज कोबी चिरताना ती तशीच्या तशी समोर आली. तो एवढं सांगायला खाली आला होता, आणि मी त्याला पाण्याला पिटाळलं. दोन घटका बस म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

११ ऑक्टोबर

पंचायतीचा अमादेउ आला होता. बरोबर शाळेतली नवी मास्तरीण, ग्रासिएत — पोर्तू शहरातली पोर आहे, बूट चिखलाने भरले तरी हसत होती. या महिन्याच्या एकोणतीसला, रविवारी, घरावर दगडी पाटी बसवायची. 'लेखक ओरासियो विलारिन्यो येथे राहिले.' चार वर्षांपूर्वीपर्यंत याच पंचायतीत त्याची पुस्तकं सरकारी बंदीमुळे लपवून ठेवायला लागायची, आता पाटी! तो जिवंत असताना आठ महिने तुरुंगात बसवला, तेव्हा नव्हती कुणाला पाटी सुचली.

अमादेउ म्हणाला, "मावशी, शेवटच्या पुस्तकातली दोन पानं तुम्ही वाचायची. भाषण मी करणार आहे, म्हणजे लोक झोपणार. त्यांना कुणीतरी उठवायला नको?"

मास्तरीण कागदावर लिहून घेत होती. जन्म कुठला, पुस्तकं किती. "मुलंबाळं?" मी म्हटलं, "नाहीत." तिने रेघ मारली.

वाचते म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? ती दोघं गेली आणि मी कपाटापुढे उभी राहिले. ते पुस्तक मी अजून कापलेलंच नाही.

१२ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहावं.

आमच्याकडे पुस्तक छापखान्यातून पानांच्या कडा न कापता, घड्यांसकटच येतं. ज्याला वाचायचं त्याने सुरीने कापायचं. ओरासियोचं नवं पुस्तक आलं की पहिली प्रत माझी. अक्षरं मी मिठाच्या पुड्यांवरून शिकले, वाचायला त्याच्या पुस्तकांवरून. कांद्याची सुरी पुसून घ्यायची आणि एकेक घडी कापत, वाचत जायचं. तो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवायची!

हे शेवटचं त्याला पाहायला मिळालं नाही. मार्चमध्ये तो गेला, एप्रिलमध्ये सरकार उलथलं, जूनमध्ये पुस्तक आलं. मी सुरी घेतली आणि खाली ठेवली. हे कापून वाचलं की त्याच्याकडून मला नवं असं काही ऐकायचं उरणार नाही. बंद आहे तोवर त्याचं बोलणं संपलेलं नाही.

लोकांना सांगते, वाचलं. दोनदा वाचलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

आणखी एक आहे. लिहायची लाज वाटते.

न कापलेल्या पुस्तकातसुद्धा काही पानं उघडीच असतात. दर सोळा पानांतली चार-पाच. ती मी वाचली आहेत. पाठ आहेत. आणि त्यांत एक लेओनोर आहे.

'लेओनोरसाठी लाल बूट घेतले.' 'लेओनोरने केस मोकळे सोडले होते आणि त्याला बोलवेना.' 'तिची वाट पाहत स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या.' त्यातला माणूस खेड्यातला, लिहिणारा, गुडघा दुखणारा. म्हणजे ओरासियोच. वर्षातून दोनदा छापखान्याच्या कामाला पोर्तूला जायचा. दोन-दोन रात्री राहायचा. मी भाकरी आणि सॉसेज बांधून द्यायची.

लाल बूट! मला त्याने जन्मात बूट घेतले नाहीत. माझे मी जत्रेतून आणले.

१७ ऑक्टोबर

पुस्तक काढलं. परत ठेवलं.

१९ ऑक्टोबर

धुण्याच्या हौदावर बाल्बिना भेटली. आम्ही एका वयाच्या, लग्नंही एकाच वर्षी झाली. म्हणाली, "सुनेने तुझ्या नवऱ्याचं पुस्तक वाचून दाखवलं गं. त्या लेओनोरपाशी आली आणि मी म्हटलं, पुरे! माझ्याच्याने नाही ऐकवत."

मी चादर पिळत राहिले.

"एवढं सगळं मनात ठेवून वावरत होता मेला, आणि कुणाला पत्ता नाही! तुला तरी ठाऊक होतं का?"

"बायकोला सगळं ठाऊक असतं."

"मग तू दगडाची आहेस, बाई. मी असते तर त्याला उठवून विचारलं असतं."

हौदावरच्या एकीने माझी बादली उचलून दिली. कीव! गावात ज्यांना वाचता येतं त्यांना ठाऊक, ज्यांना येत नाही त्यांनाही ठाऊक. मी एकटी ठाऊक असल्याचं सोंग करते आहे.

२२ ऑक्टोबर, रविवार

दफनभूमीत गेले. त्याच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं. भांडायचं ठरवून गेले होते. पण तिथे उभी राहिले आणि वाटलं, कुठली का असेना लेओनोर, तू एकदा जिन्यावरून खाली ये. खोक म्हणजे कळेल तू आलास.

२४ ऑक्टोबर

मास्तरणीने पानं निवडून चिठ्ठी पाठवली. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. दोन्ही घडीच्या आत.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळीच बसले. सुरी घेतली. पहिल्यापासून कापायचा धीर नव्हता, थेट तीच घडी कापली.

सेहेचाळिसाव्या पानावर जानेवारी आहे. बर्फ पडतोय. बाई अंथरुणात, मूल नुकतंच झालेलं, निळसर. मुलगी. बाई म्हणते, पाणी घाल रे तिच्या डोक्यावर, मला उठवत नाही. नवऱ्याचा देवावर विश्वास नाही. तो उठतो. घागरीतलं पाणी ओंजळीत घेतो, गार लागू नये म्हणून चुलीपाशी धरून कोमट करतो, आणि तिच्या कपाळावर सोडतो. म्हणतो, "लेओनोर."

मी सुरी खाली ठेवली.

सदतीस साली जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. पहाटे झाली, दुपारपर्यंत होती. बर्फाने वाट बंद, ना सुईण ना पाद्री. बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, नुसतं पाणी आणि दोन शब्द लागतात. मी त्याला विनवलं. घागर कोपऱ्यात होती, चार हातांवर. तो म्हणाला, "असलं थोतांड माझ्या घरात नको." सव्वीस वर्षांचा होता, मोठा शहाणा. मग पाद्रीने बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या पोरीला दफनभूमीत जागा दिली नाही. भिंतीच्या बाहेर पुरली, टेबलावरच्या फडक्यात गुंडाळून, बिननावाची. तो त्याबद्दल नंतर एक अक्षर बोलला नाही. मीही नाही. मला वाटायचं, विसरला.

बाकीची पानं सपासप कापली. पुस्तकात ती मरत नाही. पाच वर्षांची होते, जत्रेत तिला लाल बूट घेतात. पोर्तूला शिकायला जाते. सुटीला यायची असते तर बाप दुपारपासून स्टेशनवर जाऊन बसतो, चुकीच्या दोन गाड्या बघतो. शेवटच्या पानावर ती तेवीस वर्षांची आहे आणि आईच्या हातची सुरी घेऊन कोबी चिरते. जाड चिरते. आई ओरडते.

चार वर्षं मी माझ्याच लेकीचा मत्सर केला!

आणि तू, ओरासियो — तीनशे पानं लिहिलीस. मला एक वाक्य सांगितलं असतंस तर? नाही क्षमा करत. आज तरी नाही. पण पाणी कोमट केलंस ते मी वाचलं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

गावाला उद्या वाचून दाखवायचं आहे. आज पुस्तक घेऊन दफनभूमीकडे गेले. फाटकातून आत वळले नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, गवतात बसले, आणि लेओनोरला पहिल्या पानापासून वाचून दाखवलं.