सात नंबरचं मशीन

१ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची. जानेवारीत सासऱ्यांनी दिली होती, आजपर्यंत कोरीच पडून होती. सोनिया म्हणाली, नवं शहर, नवी नोकरी, दिवसभराचं काय असेल ते हिच्यात लिहा, माझं डोकं नका खाऊ. बायको माझी अशी. म्हणून लिहायला बसलो.

तर मी कृष्णा. सिल्लोडचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान बंद केलं आणि संभाजीनगरला आलो. पुंडलिकनगरात दोन खोल्या घेतल्या. नोकरी जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं, एका गेम झोनमध्ये. मालक काकासाहेब. जमीन विकली आणि पोरांच्या हट्टापायी हे सुरू केलं, असं स्वतःच हसत सांगतात. माणूस दिलदार वाटला. न विचारता दोनदा चहा पाजला.

बारा मशीनं आहेत. मला वाटलं, आत काहीतरी परदेशी भानगड असणार. मागचं दार उघडतो तर काय, आपला साधा पीसी! मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क आणि वर बोटभर धूळ. कीबोर्डच्या जागी जॉयस्टिक आणि बटणं, एवढाच फरक. ही डिस्क काढा, कुठल्याही पीसीला लावा, गेम चालू. लई हसू आलं. हे तर मी झोपेत करीन.

साफसफाईला सरूबाई आहेत. अकरा मशीनं मी पुसते, सात नंबर तेवढं तुम्ही पुसा, म्हणाल्या. का, विचारलं तर उगंच म्हणाल्या. मी पुसलं.

३ सप्टेंबर, बुधवार

सात नंबरवरच सगळी गर्दी असते, आणि का ते आज कळलं. गेमचं नाव ‘लढत’. माझ्या आधीच्या टेक्निशियननं, ऋतुराजनं, स्वतः बनवलेला. वर कॅमेरा आहे. दोघं समोर उभे राहिले की चेहरे टिपतो, नावं टाकली की तेच चेहरे आतल्या पैलवानांच्या धडावर. मग लाथा, बुक्क्या, आणि मोठं लाल बटण दाबलं की हातोडा. आपल्याच मित्राचं नाक फुटलेलं बघून पोरं टाळ्या पिटतात. ऋतुराज पुण्याला कंपनीत लागला, असं काकासाहेब म्हणाले. डोकं होतं बाबाचं!

दुपारी सोनिया डबा घेऊन आली. काकासाहेब म्हणाले, होऊन जाऊ द्या नवरा-बायकोची कुस्ती. दोन डाव मी जिंकलो. तिसऱ्याला बाईसाहेबांना युक्ती सापडली: दोन लाथा, दोन बुक्क्या, एक हातोडा. तिला तेवढंच येतं, पण तेच ती न थांबता करते. दोन-दोन-एक, दोन-दोन-एक, आणि दर वेळी हिरव्या बांगड्या मशीनच्या कडेवर वाजतायत. माझं डोकं पार चेचून टाकलं. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा रागच आला होता, खोटं कशाला लिहू.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती विसर्जनाची सुट्टी. फर्दापूरला सासुरवाडीत आलोय.

माझा नियम आहे, नव्या ठिकाणी पहिलं काम बॅकअप. गुरुवारीच सातची डिस्क दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली होती. मग डोक्यात आलं, सासऱ्यांच्या हॉटेलात एक जुना पीसी धूळ खात पडलाय. अजिंठ्याची लेणी बघायला आलेले लोक जेवणाची वाट बघत बसतात, त्यांना तेवढाच विरंगुळा. प्लायवूडचा खोका केला, कॅमेरा लावला, डिस्क टाकली, पहिल्या झटक्यात चालू. सासरे म्हणजे कडूबा, तोंडावर कौतुक करणारा माणूस नव्हे, पण आज चार जणांना बोलावून दाखवलं की हे आमच्या जावयानं केलं. काकासाहेबांना सांगितलेलं नाही. काय बिघडतंय?

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दहाला मेन स्विच चालू केला की गिऱ्हाईक येईपर्यंत मशीनं डेमो दाखवत बसतात. म्हणजे गेम स्वतःशीच खेळतो. सातवर आज देवेश आणि सत्यमची लढत चालू होती. इंजिनिअरिंगची पोरं, एकाच खोलीत राहतात, इथं रोजची. सत्यमनं देवेशला पाडला आणि जबड्यावर हातोडा. एकदा नाही, अकरा वेळा. मी मोजले. दातसुद्धा वेगवेगळे पडताना दिसतात, काय काम केलंय ऋतुराजनं.

१० सप्टेंबर, बुधवार

देवेश घाटी हॉस्पिटलात आहे. काल संध्याकाळी इथंच खालच्या पार्किंगमध्ये सत्यमनं त्याचा जबडा फोडला. हेल्मेटनं. भांडण नाही, शिवी नाही. पानवाल्यानं डोळ्यांनी बघितलं. तो म्हणतो, दोघं हसत उतरले, सत्यमनं हेल्मेट काढलं आणि सुरूच झाला. नंतर शांतपणे गाडीवर बसून राहिला. डावा हात मुठीसारखा आवळलेला आणि उजव्या हाताची बोटं टाकीवर टकटक, टकटक चाललेली.

फटके अकरा होते का, हे मी पानवाल्याला विचारलं. माझ्याकडं विचित्र बघितलं त्यानं. म्हणाला, मी मोजत बसलो नव्हतो. मला झोप लागेनाशी झाली आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

चार दिवस सातवर डेमोला कुणीतरी अनोळखी. मनाला समजावलं, योगायोग.

आज व्यंकटराव आणि दमयंतीबाई आले होते, नातीला घेऊन. ते कोर्टातून रिटायर झालेले, सत्तरीच्या पुढचे. बाई इतक्या बारीक की जॉयस्टिक दोन्ही हातांनी धरावी लागली. नातीच्या हट्टानं दोघं एक डाव खेळले आणि बाई हरल्या. व्यंकटरावांनी लगेच त्यांची माफी मागितली. मला लई गोड वाटली जोडी. आम्ही म्हातारे झाल्यावर असंच व्हावं, असं घरी सोनियाला म्हणालो.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दहा. सातवर व्यंकटराव आणि दमयंतीबाई.

बाई जिंकल्या. एवढ्याशा बाई. ते खाली पडल्यावर छातीवर बसून तोंडावर हातोडा, चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत. मी स्विच बंद केला. त्यांचा नंबर रजिस्टरमध्ये होता. फोन केला, काय बोलावं सुचेना. म्हणालो, काका, आज जरा घराबाहेर राहा. त्यांना वाटलं फसवणुकीचा फोन. ठेवून दिला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खलातल्या लोखंडी बत्त्यानं. काल चार वाजता. व्यंकटराव दुपारची झोप काढत होते. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा बाई छातीवर बसलेल्याच होत्या, उशीत नुसतं मांस आणि चष्म्याच्या काचा. बोटं गादीवर टकटकत होती. नात शाळेत होती म्हणून वाचली.

काकासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कृष्णा, तुला ताप आहे का? उद्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाची सुट्टी, तोबा गर्दी होणार, सात नंबर बंद ठेवायचं नाही. पण हे म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी.

१७ सप्टेंबर, बुधवार

गर्दीतच मशीन मागून उघडलं, चेहऱ्यांचं फोल्डर बघितलं. शेकडो. सगळ्यात पहिले दोन: ऋतुराज आणि गोकुळ. गोकुळ कोण, सरूबाईंना विचारलं. आधी बोलायला तयार नव्हत्या. मग पदरानं तोंड झाकून सांगितलं. गोकुळ ऋतुराजचा थोरला भाऊ. गेम तयार झाल्यावर पहिला डाव दोघांनी खेळला. दुसऱ्या दिवशी ऋतुराजनं भावाला इथंच, सात नंबरपुढं, हातोड्यानं ठेचला. पुण्याला नाय, तो हर्सूलच्या जेलात आहे. फरशी मी धुतली, सरूबाई म्हणाल्या, म्हणून मी त्याला हात लावत नाय.

आणि काकासाहेबांना हे माहीत होतं. सगळं माहीत होतं! मला आणि सोनियाला त्यांनीच उभं केलं त्याच्यापुढं. गळा दाबावा वाटला त्यांचा.

माझा आणि सोनियाचा चेहरा पुसून टाकला. मशीन बंद करून चालू केलं. दोघंही परत तिथंच होतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दहा. आम्ही.

मी आणि सोनिया. मी जिंकलो. तिचे केस माझ्या मुठीत, आणि हातोडा — नाही लिहवत. माझा चेहरा हसत होता.

लगेच फोन केला. अंगावरच्या कपड्यानिशी माहेरी जा म्हणालो, मिळेल ती एसटी पकड. ती चिडली. कोण बाई आहे का घरात आणायची, म्हणाली. म्हणालो, व्हय, आहे, जा तू. रडत गेली. जाऊ दे. माझ्यापासून शंभर किलोमीटर दूर जाऊ दे.

मग स्टोअरमधला हातोडा घेतला आणि सातची डिस्क फोडली. काकासाहेब धावून आले, मी हातोडा उगारला त्यांच्यावर. मागं सरले. तुकडे करून नाल्यात टाकले.

सहा वाजता तिचा फोन. पोचली. नीट आहे. अंधार पडला, काही झालं नाही. झोनच्या फरशीवर बसून पोरासारखा रडलो. संपलं.

फक्त जेवताना बघितलं — उजव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालू होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी साडेदहा

सासऱ्यांचा फोन. हॉटेलातलं मशीन सकाळपासून एकच दाखवतंय. तुम्ही आणि सोनी, म्हणाले, लई मारामारी करताय, बंद कसं करायचं?

फर्दापूरची डिस्क. मी विसरलो. मीच उतरवली, मीच नेऊन दिली, आणि विसरलो. साधा पीसी, कुठंही चालतो —

वायर उपटा, डिस्क जाळा म्हणालो. जिंकलं कोण ते विचारलं. ते म्हणाले, मी नाय बघितलं, सोनी बसलीय ना समोर, केव्हाची. तिला फोन द्या म्हणालो. दिला. नुसता श्वास. मागं काहीतरी वाजत होतं. फोन कट.

मीच जिंकलो असणार. कालही मीच होतो. आजच्या दिवसात मी तिच्यापर्यंत पोचता कामा नये.

साडेअकरा

स्टोअरमध्ये कोंडून घेतलंय. शटरला बाहेरून कुलूप. किल्ली सरूबाईंकडं. दिवे लागल्याशिवाय उघडायचं नाही, मी ओरडलो, पाया पडलो तरी नाही, असं वचन घेतलं. मोबाईल बाहेर. हातोडा बाहेर, सरूबाईंच्या बादलीशेजारी. खिशात पेन्सिलीचा तुकडा, बस. काकासाहेब आज आलेच नाहीत, झोन बंदच ठेवलाय. बरं झालं.

एक

हात मांडीखाली दाबून बसलोय. बोटं थांबत नाहीत. पण शटर मजबूत आहे. आतून काही करता येत नाही मला. सोनिया, तू सुखरूप आहेस. कालचं ते बाईचं खोटं होतं गं, आल्यावर सांगतो.

साडेतीन

बाहेर बोलणं. सरूबाई कुणाला तरी म्हणतायत, दिवे लागल्याशिवाय नाय म्हणालेत ते. मग म्हणाल्या, बायकोच तुम्ही, तुम्हाला काय नाय म्हणू, ही घ्या किल्ली.

सोनिया आली. एसटीनं आली. ओरडलो — जा, पळ, मी तुला मारीन, पळ! सरूबाई, उघडू नका!

सरूबाईंची किंकाळी. एकच. बादली उलटली. शटरखालून पाणी येतंय, लालसर —

शटरच्या फटीतून सोनियाचे पाय दिसतायत. माहेरची चप्पल. शेजारी हातोड्याचं टोक टेकवलेलं.

मी नव्हतो जिंकलो. तिकडं, फर्दापूरच्या मशीनवर, ती जिंकली होती —

बांगड्या वाजतायत शटरवर. दोन. दोन. एक.

माझी बोटं थांबली. आपोआप. हात उचलवत नाही. पेन्सिल तेवढी —

दोन. दोन. एक.

सोने, मी आहे गं, कृष्णा, मी तुझा —

कुलूप