बाबांचा फ्रेंच सिनेमा

आई, बाबा सिनेमाला जायला लागलेत. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, अबुधाबीत फ्रेंच शिकवणाऱ्या एका संस्थेच्या छोट्या हॉलमध्ये. प्रवेश चकटफू, वर कॉफीसुद्धा देतात. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा तुझा विश्वास बसणार नाही हे मला माहीत आहे. ‘तीन तास अंधारात बसून मिळतं काय?’ असं म्हणून ज्या माणसाने तुला उभ्या जन्मात एकदाही सोबत केली नाही, तो आता शुक्रवारपासूनच इस्त्रीचा शर्ट हँगरला अडकवून ठेवतो. बरं, जातो तोही एकटा नाही. आमच्या खालच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहतात, त्यांच्याबरोबर जातो.

बाई चौसष्ट वर्षांच्या, ख्रिश्चन, नवरा केव्हाच गेलेला. तीस वर्षं त्यांनी इथल्या एका हॉटेलच्या बेकरीत एका फ्रेंच शेफच्या हाताखाली काढली. आवाज असा की लिफ्टमध्ये बोलल्या तर तिसऱ्या मजल्यावर कळतं. वेळ पाळणं त्यांना माहीत नाही, आणि दर रविवारी मासे तळतात ते दार उघडं ठेवून. आणि आपले बाबा कसे, ते तुला मी काय सांगू. वजनमापे खात्यातली निरीक्षकी संपून अठरा वर्षं झाली तरी चहाची पूड अजून चमच्यावर बोट फिरवून सपाट करून घालतात. पहिल्या भेटीत बाईंनी केक दिला तर यांनी विचारलं, “यात अंडं आहे का?” बाई म्हणाल्या, “आहे ना. अंडं नाही तर तो केक कसला ओ, तो शिरा झाला.” मला वाटलं संपलं, आता बाबा पुन्हा त्यांचं तोंड बघणार नाहीत. पुढच्या आठवड्यात बाई खरंच शिरा घेऊन वर आल्या. साखर भलतीच जास्त होती. बाबांनी वाटी पुसून खाल्ली.

मला राग आला, आई. तुझ्या वतीने आला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. साताऱ्यातला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या लग्नाचा वाढदिवस, तू बाल्कनीची दोन तिकिटं काढलेली, आणि बाबांनी सांगितलं की तपासणीला जायचंय. मग मला नेलंस. मी दहा वर्षांचा असेन. आपण निघालो तेव्हा ते ओट्यापाशी उभे राहून निवांत चहा गाळत होते, तपासणी कसली आणि काय. तू नवी अबोली साडी नेसली होतीस. इंटरव्हलमध्ये वेफर्स खाताना मी म्हणालो, “बाबा खोटारडे आहेत.” तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि म्हणालीस, बापाबद्दल असं बोलायचं नाही. मग बऱ्याच वेळाने, सिनेमा परत सुरू झाल्यावर, पडद्याकडे बघत म्हणालीस, “मला नाही रे जमत त्यांना हसवायला.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. आजपर्यंत कुणाला सांगितलंही नाही.

तर गेल्या महिन्यात मी त्या दोघांना गाडीतून सोडायला गेलो आणि, म्हटलं बघू तरी काय चालतं, म्हणून मागच्या रांगेत बसलो. सिनेमा फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरं. एका मोठ्या घरात सुट्टीला आलेली सात-आठ माणसं, आणि ज्याचं जिच्याशी अजिबात जमू नये तो नेमका तिच्याच मागे. एक शिस्तीचा न्यायाधीश आणि एक पसारा घालणारी टॅक्सीवाली, एक खाटीक आणि एक पालेभाजीवर जगणारी मास्तरीण, असा सगळा गोंधळ. बाबांच्या डोळ्यांची मधली नजर गेली आहे, अक्षरं त्यांना दिसत नाहीत. म्हणून बाई कानाशी लागून मराठीत सांगत होत्या. कानाशी म्हणजे त्यांच्या हिशेबाने. आजूबाजूचे गोरे लोक मान वळवून बघत होते.

पाचच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की बाई ठोकून देतायत. मी खालची अक्षरं वाचत होतो ना. बेकरीत तीस वर्षं काढून बाईंना लोणी, भट्टी आणि शेफच्या शिव्या एवढंच फ्रेंच येत असणार. न्यायाधीश त्या टॅक्सीवालीला म्हणाला, तू माझं आयुष्य नासवलंस. बाईंनी सांगितलं, “तो म्हणतो, जेवून जा, पापलेट आणलंय.” मास्तरीण रडत बॅग भरत होती, तर बाई म्हणाल्या, “ही माहेरी चाललीय, पण हिचं आधारकार्ड सापडत नाही.” आणि आई, बाबा हसले. ओठ हलवून नाही, खांदे गदागदा हलवून, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. पन्नाशी उलटली माझी, मी हा आवाज पहिल्यांदा ऐकला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मधल्या खुर्चीत अडकलो होतो.

घरी परतल्यावर बाई गाडीतून उतरून गेल्या आणि मी पार्किंगमध्येच बाबांना म्हणालो, “त्यांना फ्रेंच येत नाही. सगळं मनाचं सांगत होत्या.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “पडद्यावरची बाई रडत होती, तेवढं ऐकू येतं मला.”

“मग बोलला नाहीत?”

“कशाला? हिचा सिनेमा बरा होता.”

अर्धा ग्रॅम कमी भरला म्हणून ज्याने अख्ख्या बाजाराची वजनं जप्त केली, तो माणूस हे बोलला. मग सीटबेल्ट चाचपत म्हणाला, हॉटेलने तिला रिटायर केलंय, महिनाअखेर व्हिसा संपतो, ती वसईला परत जाते आहे. तिच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली रिकामी आहे. तिथे मी राहायला जाईन म्हणतो.

मी काय बोललो ते तुला नको सांगायला. दोन दिवस मी माझं ताट घेऊन खोलीत जेवलो. मुलीला पुण्याला फोन केला, ती आणि तिची आई तिच्या कॉलेजसाठी तिकडे असतात. ती म्हणाली, “पप्पा, ही इज हॅपी. व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?” मग बाईच एका संध्याकाळी दारात आल्या, हाताला पीठ तसंच. “रागावलात का ओ? मी साहेबांना बोलावलं नाही हां. तेच म्हणाले, येतो. मी नाही कशाला म्हणू? मला पण कुणी तरी पाहिजे ना ऐकायला.” मी आत या म्हणालो, त्या आल्या नाहीत.

आणि त्यातच बाबांचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. दरवर्षी मी एक प्रतिज्ञापत्र देतो, त्याशिवाय वडिलांना इथे ठेवता येत नाही. बाबांना घेऊन मुसाफातल्या, सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. केरळी टायपिस्ट मुलीने कागद काढला. बाबा म्हणाले, वाचून दाखवा. आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिने हिंदीत सांगितलं, “अंकल, इसमें लिखा है, इंडिया में आपका देखभाल करने वाला कोई नहीं है, सिर्फ बेटा है.”

“ये गलत है,” बाबा म्हणाले. “अभी है.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “सर, ये लाइन निकालेगा तो रिजेक्ट हो जाएगा.” मागे रांग होती. मी म्हणालो, खलास, रहने दो, कल आता है. बाबा काठी टेकत आधीच दाराकडे निघाले होते. गाडीत त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की सरकारी कागदावर खोटं असू नये.

त्या बाई शुक्रवारच्या विमानाने जातायत. बाबांनी पासपोर्ट मागितला, एकदा नाही, तीनदा. मी सांगितलं, तो रिन्यूअलला गेलाय, येईल, इन्शाल्ला. कुठेही गेलेला नाही. दुबईकडे, जबल अलीत माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. पलीकडे खोलीत बाबा शर्टांच्या घड्या घालतायत, बॅग उघडी आहे, आणि मला उठून त्यांना काही सांगता येत नाही. त्यांच्या तब्येतीची काळजी, लोक काय म्हणतील, वसईत डॉक्टर कुठला, हे सगळं मी बायकोला ऐकवलं. तिला पटलंसुद्धा. ते खरं नाही, आई. संध्याकाळी सातला मी कुलूप न काढता घरात शिरतो, कारण आत बाबा असतात. ते गेले तर मला रोज स्वतःच्या किल्लीने दार उघडावं लागेल, आणि त्याची मला भीती वाटते.