सोन्याचं वाक्य

३ मार्च
घटस्फोट झाला की लोक सुटतात. मी तारांगणात प्रोजेक्टर चालवते आणि नवऱ्याचा — माजी नवऱ्याचा! — आवाज दिवसातून चार खेळांना ऐकते. 'ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो, हेलियमचा कार्बन...' काय ते गांभीर्य! घरी याला गॅस पेटवता यायचा नाही, इथे तारे पेटवतो.

५ मार्च
नव्या संचालकांनी चूक काढली. रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणतो, मोठ्या ताऱ्याची मजल लोखंडापर्यंत, मग तारा फुटतो आणि सोनं तयार होतं. आता म्हणे, दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की बरंचसं सोनं होतं. (आमच्या आदळआपटीत तर कपाचे कानही शाबूत राहिले नाहीत.) तेवढं वाक्य त्याच्याकडून नव्यानं म्हणवून घ्यायचं. नाहीतर सगळा आवाज पुसून दुसरा निवेदक.
मी म्हटलं, पुसाच. देव पावला!
पण फोन मलाच करायला लावला.

९ मार्च
फोन उचलत नाही. वाक्याचं, पुसण्याचं, सगळं मेसेजवर कळवलं. शेवटी मेसेज आला, 'येतो.' एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही. स्वारी भाव खातेय.

११ मार्च
आला. या उकाड्यात गळ्याला मफलर! मी म्हटलं, "नट झालास की काय?"
त्यानं मफलर खाली केला. गळ्याला भोक. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. मला कुणी सांगितलं नाही. का सांगतील?
मोबाइलवर टाइप करून दाखवलं — 'पुसू नका म्हणावं. तेवढाच उरलाय.'
चहा आणते म्हणून बाहेर गेले. मशीन बंद होतं, तरी तिथेच उभी राहिले. रडले. लिहून टाकलं, झालं.

१४ मार्च
त्याचे जुने सगळे खेळ उपसले. 'दोन' मंगळाच्या चंद्रांतून. 'मेलेले' डायनासोरमधून, 'आदळतात' उल्कांमधून. 'तारे' काय, पैशाला पासरी! 'एकमेकांवर' मात्र सापडेना. हा माणूस तसा शब्द कधी वापरायचाच नाही! शेवटी शनीच्या कड्यांत मिळाला. सगळं जोडलं. संचालकांनी दोनदा ऐकलं, चालेल म्हणाले.

१६ मार्च
चारही खेळांत तो बरोबर बोलला. अख्ख्या संसारात जमलं नव्हतं! शेवटच्या खेळाला मागच्या रांगेत येऊन बसला होता, स्वतःला ऐकत.
खेळ संपल्यावर दिवे मी जरा उशिरा लावले.