भुरीच्या गोठ्यात गाडी

८ एप्रिल

म्हैस पत्र्याखाली आणि गाडी गोठ्यात! आज आमच्या घरात हे घडलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

भुरीचे दिवस भरत आलेत. दहावा चाललाय. पोट एवढं की उठता-बसता धाप लागते. तिचा गोठा कौलारू, कुडाच्या भिंती, खाली शेणाने सारवलेली जमीन. भर दुपारी आत पाऊल टाकलं की जीव निवतो. त्या गोठ्यातून तिला काढलं आणि गाडीसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बांधलं. त्या शेडमध्ये दुपारी पापड भाजून निघेल, चुलीची गरज नाही. शेड घालायला अंगणातला आंबा तोडला, म्हणजे सावलीचंही नाव नाही. शहाणपणाला काही सीमा?

कारण काय, तर गाडीला ऊन सोसत नाही! विजेवरची गाडी. पाडव्याला आली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, मीही ओवाळलं. ओवाळताना ‘सुखात राहा’ म्हणाले होते. बयेने फारच मनावर घेतलं.

कैलास म्हणतो, “आये, थोड्या दिसांचा सवाल हाय. ऊन उतरलं की भुरी परत आत.”

एप्रिलात ऊन उतरतं व्हय रे? कुणाला शिकवतोस?

९ एप्रिल

राग बाजूला ठेवून कैलासची बाजू लिहिते. लेक आहे, अन्याय नको.

सकाळी तो सूसला जातो. तिथल्या सोसायटीतल्या चार नोकरदार बायांना हापिसात सोडतो. दुपारी घाट चढून घरी येतो, गाडीला वायर लावतो, दोन घास खातो, आणि चारला परत त्यांना आणायला निघतो. आता गाडीची बॅटरी तिच्या पोटाखाली. डांबर तापलेलं, घाट चढलेला — येते तीच फणफणत. वर पत्र्याची शेड. मग ती भरूनच घेत नाही. भरते, पण थेंब थेंब. तापातलं पोर दुधाला तोंड लावत नाही, तसं. चार वाजतात, ही अर्धीच.

दोनदा उशीर झाला. त्या बायांतली किमया मॅडम म्हणाली, “दादा, असंच चाललं तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल.” जुना टेम्पो विकून ही घेतलीय. चार बाया गेल्या तर कैलासने काय करायचं? गाडीत बसून टाळ्या वाजवायच्या?

एवढं कळतं मला. पण त्यात भुरीने काय घोडं मारलं?

साधना — माझी सून — म्हणाली, “आत्याबाई, दोघींना गोठ्यात ठिवू की.” मापून बघितलं. मावत नाहीत. गोठा एकीपुरताच.

११ एप्रिल

शैलेश! पुढच्या दोन खोल्यांतला आमचा भाडेकरू. परभणीकडचा, कंप्युटरवर नोकरी. गोठ्याची अक्कल त्याचीच. गाडीचा ताप त्याच्या मोबाईलवर दिसतो म्हणे. जेवताना बघतो, दात घासताना बघतो. आज अंगणात नाचत आला.

“आजी, टेम्परेचर चव्वेचाळीसवरून अडतीसवर आलं! गोठा एकदम बेस्ट!”

म्हटलं, “भुरीचा ताप बघ की रे त्यात.”

“म्हशीचं ॲप नसतं, आजी.” वर दात काढून हसला.

मला शिमग्यात ताप आला तेव्हा या घरात थर्मामीटर सापडला नव्हता. तीन कपाटं उपसली. शेवटी साधनाने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, लई न्हाई. झालं निदान! आणि या डबड्याचा ताप घटकेघटकेला. नवसाने झालेल्या पोराचा कुणी इतका बघत नाही.

पोरगं वाईट नाही म्हणा. आईपासून लांब राहतंय. रात्री कैरीचं सार पाठवलं. वाडगं चाटून-पुसून परत आलं.

१२ एप्रिल

ओढा आटला. भुरीने डुंबायचं कुठे? दिवसभर तिच्या पाठीवर ओली पोती टाकते. पोतं वाळतं, मी भिजवते. पोतं वाळतं, मी भिजवते. राणीसरकार गोठ्यात आरामात.

१५ एप्रिल

आज जे झालं ते फक्त इथे.

दुपारी पाटी आणायला गोठ्यात गेले. कैलास घरात आडवा झाला होता. गोठ्यात चिटपाखरू नाही, गाडी बंद, नुसती वायर लावलेली — आणि ती धापा टाकत होती! घों घों घों. मग गप्प. मग परत घों घों. खाली पायाला गरम वाफारा लागला. थेट भुरीसारखी धाप. मी जरा वेळ उभी राहिले. म्हटलं, मरू दे. दोन पावलं गेले, परत फिरले. मुकं ते मुकंच.

भुरीची दोन ओली पोती आणली. एक गाडीच्या टाळक्यावर पसरलं, एक तोंडावरून खाली सोडलं, बैलाला झूल घालतात तसं. सवयीने पाठीवर थापही मारली. मारली तर मारली!

चारला आरडाओरडा. गाडी भरायचीच थांबलेली! तिच्या तोंडाला म्हणे जाळी असते, तिथून ती वारा ओढते, आणि मी नेमकं तिचं नाक दाबलेलं.

कैलास पोतं हातात घेऊन उभा. “कुनी टाकली ही?” साधनाने माझ्याकडे बघितलं. कैलासनेही बघितलं. ओरडला असता तर बरं. हळूच म्हणाला, “आये, येवढा राग? माझ्या पोटावर पाय?”

काय सांगायचं? त्या डबड्याची कणव आली म्हणून? सगळा गाव हसेल. त्यापेक्षा खाष्ट म्हटलेलं परवडलं.

उशिराच गेला. न जेवता.

१६ एप्रिल

किमया मॅडमने कालच्या उशिरावरून सुनावलं: आता ही शेवटची माफी. कैलास माझ्याशी बोलत नाही. ताटाशी बोलतो, तांब्याशी बोलतो.

शैलेश मला शिकवायला बसला. “आजी, तिच्या बॅटरीभोवती पाणी फिरतं. ते पुढच्या वाऱ्याने गार होतं. तिला घाम थोडाच येतो?”

म्हटलं, “म्हशीला तरी कुठं येतो? म्हणून तर डुंबते.”

“मग दोघी सवतीच की!” म्हणाला. शब्द बरा काढला मेल्याने.

पण मग त्याची नजर माझ्या पडवीकडे गेली. अंगणाला लागून उत्तरेची पडवी, मातीच्या जाड भिंती, पुढे कमरेएवढी भिंत. माझा पलंग तिथे, माझा माठ तिथे, माझी देवाची फळी तिथे. अख्ख्या उन्हाळ्यात मला पंखा लागत नाही. म्हणतो कसा, “आजी, ही जागा तर गोठ्यापेक्षा कूल आहे.”

म्हटलं, “परत हिकडं बघितलंस तर तुझं सामान अंगणात यील.”

आणि कैलास, जो माझ्याशी बोलत नाही, तो आतून गरजला, “शैलेश, ती जागा आयेची हाय. तिचं नाव काढायचं न्हाई.”

पाठ फिरवून बसले. डोळ्यात कचरा गेला होता.

१९ एप्रिल

आज लिहायला बसायला रात्र झाली.

ऊन आज वेगळंच होतं. वारा नाही, पान हलत नाही. जेवणाच्या वेळेला शेडकडे गेले तर भुरी बसलेली. तोंड उघडं, जीभ बाहेर, फेस. डोळे पांढरे. उठवलं तर मान टाकली. पत्र्याला हात लावला, चटका बसला. साधनाला हाक मारली. दोघी पाणी ओतत सुटलो. साधनाने पौडला जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो दुसऱ्या गावात अडकलेला. संध्याकाळी येतो म्हणाला. तोवर गारव्यात हलवा, पाणी मारत राहा. नाहीतर दोन जीव जातील.

गारव्यात हलवा! गारवा कुणी अडवलाय ते त्याला काय माहीत.

तेवढ्यात कैलास आला. गाडी गोठ्यात घातली, वायर लावली, आणि आमचा आवाज ऐकून धावत शेडमध्ये आला. भुरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पाणी ओतत राहिले. बोलण्यासारखं खूप होतं. जिभेवर होतं.

तो वळला. वायर उपटली. गाडी बाहेर काढली आणि विहिरीजवळ नेऊन भर उन्हात उभी केली. त्या उन्हात, जिथे तिला क्षणभर ठेवायला जीव वर-खाली व्हायचा त्याचा! मग तो, साधना, मी, आणि घरून काम करत बसलेला शैलेश — चौघांनी मिळून भुरीला उठवलं. शैलेशला शेपटी धरायला सांगितली तर कान धरून उभा. पाऊल पाऊल करत गोठ्यात आणली. सारवलेल्या गार जमिनीवर तिने अंग टाकलं आणि असा सुस्कारा सोडला की मला रडू आलं.

मग कैलासने किमया मॅडमला फोन लावला. “मॅडम, आज न्यायला जमत न्हाई.” पलीकडून बरंच बोलणं झालं. हा नुसता “व्हय मॅडम. व्हय. चुकलंच.” फोन खिशात टाकला आणि बादली उचलली.

२० एप्रिल

भुरी उभी राहिली. वैरणीला तोंड लावलं. डॉक्टरने बजावलं, परत पत्र्याखाली बांधाल तर मला बोलावू नका.

गाडी आता पत्र्याखाली. भरते थेंब थेंब. कैलास दुपारी घरी जरा वेळ वायर लावतो, लवकर निघतो आणि उरलेलं भरायला सूसला चार्जिंगच्या रांगेत बसतो. तापलेल्या गाडीला तिथलं यंत्रही हात राखूनच भरतं म्हणे. भाकरी फडक्यात बांधून नेतो. किमया मॅडमने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय, तोवर वेळ साधली नाही तर दुसरी गाडी.

त्या बायांचं तरी काय चुकलं? संध्याकाळी त्यांचीही पोरं दाराकडे डोळे लावून असतात. चुकलं त्या डबड्याचं. आणि आंबा तोडणाऱ्या कुऱ्हाडीचं.

२३ एप्रिल

भुरी व्याली! रेडी झाली! कपाळावर पांढरा टिळा. उठायला धडपडली, पडली, परत उठली आणि थेट आचळाला. वार नीट पडली. साधनाने गूळ वाटला.

चिकाचा खरवस केला, वेलदोडा घालून. शैलेशला दिला, आणि सूसच्या चौघींना डबा. कैलास सांगत आला, “किमया मॅडमनं इचारलं, दादा, ह्यात अंडं तर न्हाई ना?” अंडं! पण डबा रिकामा आला.

जेवताना कैलास ताटाकडे बघत म्हणाला, “आये, त्या दिवशी पोती रागानं टाकली व्हतीस का?”

“जेव गप.”

“साधना म्हनली, कडा सारख्या करून पसरली व्हतीस. रागानं टाकणारा कडा सारख्या करत न्हाई.”

मी त्याला आणखी भात वाढला. नको म्हणत होता तरी वाढला.

२४ एप्रिल

गवंड्याला बोलावलं. पडवीची पुढची भिंत पाड म्हटलं. पलंग आणि देवाची फळी गोठ्यात हलवली, एका कोपऱ्यात. पलंगापुरती जागा आहे. कैलास आडवा आला. त्याला म्हटलं, गाडीसाठी कोण करतंय? मला रेडीची सोबत हवी.

त्या डबड्यात मी अजून बसलेले नाही. बसणारही नाही. फक्त पडवीत उभी करताना तिचं तोंड अंगणाकडे करा म्हटलं. नाकाला वारा लागू दे.