मावशीच्या सहीचा कागद

सास्काटून,
९ सप्टेंबर

प्रिय एर्नेस्टीन मावशी,

तुझा गुडघा आता बरा असेल आणि माशांची जाळी दुरुस्त करून झाली असतील, असं धरून लिहिते आहे. पाच वर्षांत तुला एकही पत्र लिहिलं नाही, त्यामुळे खुशाली कुठून सुरू करायची ते कळत नाही. क्रमाने सांगते.

मी ठीक आहे. नेटवर्कचा अभ्यासक्रम पूर्ण केला. दोन वर्षांपासून पॅरोलच्या सुनावण्या जुळवून आणायचं काम करते. कैद्याला मुदतीआधी सोडायचं की नाही हे मंडळाचे सदस्य ठरवतात. मी काहीच ठरवत नाही. तारीख लावते, कागद ज्याचे त्याला वेळेत पोचवते, लांबच्या माणसांना पडद्यावर जोडून देते, खुर्च्या मांडते. आई म्हणते, "यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावतेस, स्वतः मात्र तोंड उघडत नाहीस." तू याहून वाईट काहीतरी म्हणाली असतीस.

गेल्या महिन्यात बाजारात सास्काटून बेरी दिसल्या. एक डबी घेतली. चव बरी होती, पण डबीत एकही पान नव्हतं. आपल्या बादलीत बेरींपेक्षा पानंच जास्त असायची, कारण तुझा लायनेल अख्खी फांदी ओरबाडायचा. "झाडच आणायचं होतं तर मुळंही आणायचीस रे," तू म्हणायचीस. रोलांड निम्म्या बेरी वाटेत संपवायचा आणि वर जांभळी जीभ दाखवत शपथ घ्यायचा की एकही खाल्ली नाही. मी बाजूला बसून बादल्या मोजायचे. "मास्तरीणबाई, हजेरी झाली का?" हे तू मलाच म्हणायचीस.

आई खाणीच्या छावणीत स्वयंपाकाला गेली की मी आणि रोलांड तुझ्याकडे. बॅनकची जाड रोटी भाजलीस की तिचा कडक काठ तिघांनाही हवा असायचा. तू तो तिघांत वाटायचीस आणि "मला कुठे चावतंय, दात आहेत का मला," म्हणून मधला मऊ भाग खायचीस. तेव्हा तू एकेचाळीस वर्षांची होतीस. तुझे सगळे दात शाबूत होते. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी काठ घेतला.

या जानेवारीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आपल्या क्री लोकांपैकी कोणी मागितलं तर सुनावणी टेबलाशी न घेता गोलात बसून घेतात. एक वडीलधारं माणूस येतं, सेजची सुकी पानं जाळून धूर देतं, प्रार्थना करतं. ही माझी पहिलीच अशी बैठक होती. मी खुर्च्यांमधलं अंतर टेपने मोजून गोल मांडला. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी ठेवली. त्या दिवशीच्या वडीलधाऱ्या व्हर्ना आजी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, परीक्षा आहे का आज? पेपर कुठाय?"

सगळं जागेवर होतं. फक्त तुरुंगातल्या त्या खोलीतली धुराची घंटा तासभर बंद ठेवा, हे पहाऱ्याला आदल्या दिवशी लेखी कळवायचं असतं, ते मी विसरले. सेज पेटल्यावर दोन मिनिटांत घंटा वाजायला लागली आणि नियमाप्रमाणे सगळी इमारत रिकामी झाली. बाहेर उणे एकतीस. मंडळाचे सदस्य, पहारेकरी, कैदी, सगळे अंगणात. "प्रार्थना लवकर पोचावी म्हणून घंटा लावली होय?" व्हर्ना आजी मला म्हणाल्या. हसायचं की नाही ते कोणाला कळेना.

त्या गोंधळात ज्या बाईंच्या मुलाला त्या कैद्याने मारलं होतं, त्या त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. आत मी त्यांची खुर्ची मुद्दाम लांब ठेवली होती. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, तशी परवानगी नाही. त्याच्या अंगात नुसता सदरा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "टोपी नाही तुला?"

"नाही, बाई."

"माझा लेकही घालायचा नाही. कितीही सांगा, घालायचाच नाही."

तो म्हणाला, "हो." एवढंच. घंटा थांबली, आम्ही आत आलो. आत गेल्यावर त्या वीस मिनिटं बोलल्या. त्याला सोडू नका, म्हणाल्या. मंडळाने त्याला सोडलं नाही. पण जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "तुमचं पत्र आलं नसतं, तर मला कळलंच नसतं, बघा," म्हणाल्या. त्यांनी माझे आभार मानले, मावशी. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

आता तेच लिहिते, जे लिहायला बसले होते.

लायनेल त्या गाडीच्या अपघातात गेल्यावर, रोलांडला सात वर्षांची शिक्षा झाल्यावर, तुझ्या स्वयंपाकघरात सरकारी कार्यालयातल्या एक बाई फॉर्म देऊन गेल्या होत्या. त्यात नाव नोंदवलं तरच पुढचं सगळं घरच्यांना कळवतात: कैद्याला कुठे हलवलं, सुनावणी कधी आहे. नोंद नसेल, तर कोणीही काहीही कळवत नाही. तुला बारीक अक्षरं दिसत नव्हती. फॉर्म मी भरला, कारण घरातले सगळे फॉर्म मीच भरायचे. तू सही केलीस आणि म्हणालीस, "जाताना टपालपेटीत टाक गं."

मी टाकला नाही.

तू बोलायला उभी राहिलीस तर रोलांडला कोणी सोडणार नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षीही कळत होतं. गाडी तो चालवत होता, तो प्यायलेला होता, आणि तो माझा भाऊ होता. लायनेलही भाऊच होता, हे मी त्या दिवशी विचारात घेतलं नाही. फॉर्म पुस्तकात ठेवला. नंतर तुझ्या घरी यायचं थांबवलं. तुला वाटलं असेल की मी भावाची बाजू धरून रुसले आहे. तसं नव्हतं. मला तुझ्या टेबलाशी बसवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तू आईला म्हणालीस म्हणे, "तुरुंगवाल्यांचं एक पत्र नाही आलं. त्यांच्या लेखी माझा लेक माणूसच नव्हता." त्यांच्या लेखी नव्हे, मावशी. त्यांना तुझं नावच माहीत नाही.

रोलांडने इतकी वर्षं अर्ज केला नव्हता. आता केला आहे. सुनावणी २६ नोव्हेंबरला आहे. तारीख मला त्यानेच फोनवर सांगितली. त्याची फाइल मी उघडलेली नाही. त्याचं नाव यादीत दिसलं त्याच दिवशी वरिष्ठांना लिहून दिलं आणि ते काम दुसऱ्या शहरातल्या कार्यालयाकडे गेलं. सुटला तर तो आईकडे राहणार आहे, म्हणजे तुझ्यापासून चार मैलांवर. दुकानात अचानक तो तुझ्यासमोर उभा राहिला, आणि तेव्हाच तुला कळलं, असं मला होऊ द्यायचं नाही. फॉर्मचं मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "तिला कळव. आधी तिला."

जुना फॉर्म सोबत आहे. तो आता चालत नाही, पण त्यावर तुझी सही आहे, त्यामुळे तो तुझा आहे. नवाही आहे, त्यावर मी फक्त तुझा पत्ता लिहिला आहे. बाकी माझ्या हाताने लिहिणं बरोबर नाही. मंडळाच्या चौकशीचा नंबर मागे लिहिला आहे. तिथली बाई तुझ्याशी क्री भाषेत बोलेल आणि फोनवर सगळा फॉर्म भरून घेईल. हे ऑक्टोबरच्या वीस तारखेआधी कर. तुला लिहून बोलता येईल, पडद्यावरून बोलता येईल किंवा समोर येऊन. काय बोलायचं ते तुझं. मी काहीही सुचवणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. रोलांडने मला त्याच्या बाजूने बसायला बोलावलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. तू आलीस, तर मी तुला त्याच्या शेजारी दिसेन. ते तुला तिथे गेल्यावर कळू नये. तू त्याला सोडू नका म्हणालीस, तरी मी तिथेच बसून ते पूर्ण ऐकेन.

माफी मागत नाही. ती मागायला मी तुझ्या दारात यायला हवं, आणि तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही.

तुझा कागद पाच वर्षं अडवून ठेवणारी, तुझी भाची,
जोसेट